खाणीची जनसुनावणी: नोटीस निघाल्यानंतरच्या तीस दिवसांत काय करायचं

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि लिलावांच्या गर्दीत एक चौकट छापून येते. जाहीर जनसुनावणी, खनिजाचं नाव, खाणपट्ट्याचं क्षेत्र, गाव, तालुका, तारीख, वेळ, ठिकाण. गावात ती बातमी पोचेपर्यंत बऱ्याचदा आठ-दहा दिवस गेलेले असतात. मग धावपळ सुरू होते, बॅनर छापले जातात, आणि सुनावणीच्या दिवशी मांडवात घोषणा होतात. संताप खराच असतो. पण इतिवृत्तात त्यातलं एकच वाक्य उरतं: "ग्रामस्थांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली."

त्याच मांडवात कुणी "मसुदा अहवालाच्या पान १३७ वर भूजलावर परिणाम नाही असं लिहिलंय, पान ४१ वरचा आकडा मात्र उलट सांगतो" असं लेखी दिलं, तर त्याला उत्तर द्यावं लागतं. उत्तर दिलं नाही, तर ती त्रुटी पुढे, मंजुरीआधी प्रकल्प तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे आणि हरित न्यायाधिकरणातही उभी राहते. म्हणून या तीस दिवसांतला बहुतेक वेळ कागद वाचण्यात आणि आकडे मोजण्यात घालवावा.

नोटीस आधी तपासा

पर्यावरण मंजुरीआधीच्या या जनसुनावणीचा आधार आहे १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचना, जी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली निघाली. तिचं परिशिष्ट चार छापून जवळ ठेवा. सुनावणीची सगळी पद्धत त्यात आहे आणि ते चार-पाच पानांहून मोठं नाही.

नोटीस एका राष्ट्रीय दैनिकात आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते. ती छापल्यापासून सुनावणीपर्यंत किमान ३० दिवस हवेत. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटणं किंवा आकाशवाणीवरून सांगणंही अधिसूचनेत लिहिलेलं आहे. गडचिरोलीच्या आतल्या भागात ही तरतूद फार कामाची आहे आणि ती फार कमी वेळा मागितली जाते. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यायची असते. खाण एका टोकाला आणि सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या.

दिवस कमी पडत असतील, स्थळ लांब असेल, मराठी सारांश मिळत नसेल, तर तक्रार सुनावणी होण्याआधी करा. जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक अधिकारी या दोघांनाही अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. नुसती सही पुरत नाही. सुनावणी झाल्यावर काढलेली तांत्रिक चूक "तेव्हा का नाही बोललात" या एका प्रश्नावर लंगडी पडते. आधीची पोच हाती असेल तर हा प्रश्नच येत नाही.

एकदा ठरलेली तारीख किंवा जागा सहज बदलता येत नाही. आकस्मिक अडचण आली तरच, तेही जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीने, आणि बदल पुन्हा त्याच वर्तमानपत्रांतून जाहीर करावा लागतो. "सुनावणी पुढे गेली" असा तोंडी निरोप आला तर लेखी मागा. तो मिळेपर्यंत जुन्या तारखेचीच तयारी चालू ठेवा.

अहवाल मिळवायचा कुठून

मसुदा ईआयए (पर्यावरणीय आघात मूल्यांकन) अहवाल आणि त्याचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित पंचायत किंवा नगरपालिका, प्रदूषण मंडळाचं कार्यालय आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय इथे ठेवलेला असतो. सुनावणी संपेपर्यंत कार्यालयीन वेळेत तो कुणालाही बघायला मिळाला पाहिजे. सारांश मराठीत असावाच लागतो. पूर्ण अहवाल बहुधा इंग्रजीत असतो, चारशे-पाचशे पानांचा. सारांश वाचून थांबू नका. अडचणीचे आकडे सारांशात येत नाहीत, ते तक्त्यांत आणि जोडपत्रांत असतात.

माहिती अधिकाराचा अर्ज इथे वेळेत कामी येत नाही, कारण त्याच्या उत्तरालाच ३० दिवसांची मुदत आहे. त्यापेक्षा दोघांनी पंचायतीत बसावं, एकाने पान उलटावं, दुसऱ्याने मोबाइलवर फोटो काढावेत. पान क्रमांक फोटोत आलाच पाहिजे. मंडळाच्या संकेतस्थळावर आणि केंद्राच्या परिवेश पोर्टलवर प्रकल्पाचं नाव टाकून मूळ अर्ज आणि अभ्यासाच्या अटींचं पत्र, म्हणजे टीओआर, उतरवून घ्या. टीओआर हा फार महत्त्वाचा कागद आहे. अहवालात काय काय असायलाच हवं याची ती यादी आहे. एकेक अट घेऊन अहवालात ती कुठे पूर्ण केली ते शोधा. जी सापडणार नाही ती तुमची पहिली हरकत.

माहिती अधिकाराचे अर्ज तरीही पहिल्याच दिवशी टाकून ठेवा. त्यांची उत्तरं पुढच्या टप्प्याला लागतात. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एका विषयापुरता बसवावा लागतो, शुल्क १० रुपये. आधीच्या खाणीचे अनुपालन (अटींच्या पालनाचे) अहवाल, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी, गावातल्या वनहक्क दाव्यांची सद्यस्थिती, हे तीन अर्ज वेगवेगळे करा.

बारा प्रकरणं, वाचायची चारच

अहवालाचा साचा ठरलेला आहे, प्रकरणं बारा. वेळ कमी असेल तर दुसरं (प्रकल्पाचं वर्णन), तिसरं (आजची पर्यावरणस्थिती), चौथं (अपेक्षित परिणाम) आणि दहावं (पर्यावरण व्यवस्थापन आराखडा) एकमेकांशेजारी ठेवून वाचा. खोट बहुतेक वेळा या चौघांच्या सांध्यात असते: दुसऱ्यात दिलेला आकडा चौथ्यात विसरलेला असतो, चौथ्यात मान्य केलेला परिणाम दहाव्यात पैशाविना सोडलेला असतो.

तिसऱ्या प्रकरणात आधी तारखा बघा. हवेची, पाण्याची, आवाजाची मोजणी कोणत्या महिन्यांत केली? पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी चालते, पण सुनावणीनंतर अंतिम अहवाल दाखल होईल तेव्हा ती तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये. एका हंगामात एका ठिकाणच्या साधारण २४ नोंदी असतात. पाच वेगवेगळ्या गावांतले आकडे संशय यावा इतके सारखे असतील, तर प्रयोगशाळेचे मूळ कागद मागा. मोजणीची ठिकाणं नकाशावर बघा. खाणपट्ट्यापासून दहा किलोमीटरच्या अभ्यासक्षेत्रात वाऱ्याच्या वरच्या अंगालाच यंत्रं लावली असतील, तर धूळ कमीच दिसणार. धुळीची, म्हणजे पीएम १० ची, मर्यादा २४ तासांच्या सरासरीसाठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, वर्षाच्या सरासरीसाठी ६०. अहवाल बहुधा १०० च्या आकड्याशीच तुलना करून मोकळा होतो.

मग वनस्पती आणि प्राण्यांच्या याद्या काढा आणि गावातल्या गुराख्याला, वैदूला, मासे धरणाऱ्याला वाचून दाखवा. हे काम घाईत टाळलं जातं, आणि नेमकं इथेच अहवाल उघडा पडतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या बॉक्साइट खाणीच्या अहवालातला मजकूर उतरवलेला निघाला होता. कोकणच्या सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) स्प्रूस आणि बर्चची जंगलं लिहिलेली होती. ज्याने तो सडा पावसाळ्यात एकदा तरी चढलाय, त्याला हे ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही.

न सांगितलेली गोष्टही तितकीच मोलाची. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या प्रकरणात प्रकल्पाभोवतीची संवेदनशील क्षेत्रं आणि तोडायची झाडं यांची माहिती अर्जात नीट दिली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी पर्यावरण मंजुरी स्थगित ठेवून समितीला फेरविचार करायला लावला. २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली, विमानतळही झाला. पण माहिती लपवणं ही किरकोळ चूक नाही, हे त्या निकालाने पक्कं केलं. २००६ च्या अधिसूचनेतल्या अर्ज-नमुना एकमध्ये १५ किलोमीटरच्या आतली अभयारण्यं, पाणथळ जागा, नद्या, दाट वस्ती, शाळा-दवाखाने विचारलेले असतात. तुमच्या प्रकल्पाच्या अर्जातला हा भाग काढा आणि तालुक्याच्या नकाशावर कंपासने वर्तुळ मारून एकेक नाव तपासा.

तीन हिशेब जे गावातच करता येतात

पहिला डंपरचा. समजा वर्षाला १० लाख टन खनिज काढणार, कामाचे दिवस ३००. म्हणजे दिवसाला ३,३३३ टन. एका डंपरमध्ये १६ टन धरले तर २०८ भरलेल्या खेपा, परतीच्या रिकाम्या धरून ४१६. बारा तास वाहतूक चालली तर तासाला जवळपास ३५ डंपर, म्हणजे पावणेदोन मिनिटांना एक. आता शाळेच्या फाटकासमोर उभं राहून रस्त्याची रुंदी मोजा. अहवालात धुळीचं गणित फक्त खाणीच्या खड्ड्यापुरतं केलेलं असतं, आणि गावातून जाणारा रस्ता त्यात धरलेला नसतो, असं फार वेळा दिसतं. "वाहतुकीच्या रस्त्यावरची धूळ प्रतिमानात (मॉडेलमध्ये) धरली आहे का, कोणत्या पानावर?" हा प्रश्न प्रत्येक खाणीला विचारावा असा आहे.

दुसरा विहिरीचा. खाणीचा अंतिम तळ समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे ते दुसऱ्या प्रकरणात दिलेलं असतं. तुमच्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करा. जमिनीची उंची मोबाइलवरून घेऊ नका, तो आकडा कित्येक मीटरनी चुकतो. अहवालातल्याच समोच्च रेषांच्या नकाशावरून घ्या, म्हणजे कुणी वाद घालणार नाही. जमीन ७८ मीटरवर, पाणी एप्रिलमध्ये ९ मीटर खोल, तर पाण्याची पातळी ६९ मीटर. खाणीचा तळ ४० मीटरवर असेल तर खाण त्या पातळीच्या २९ मीटर खाली उतरते. म्हणजे पाणी उपसावंच लागणार. ते किती, कुठे सोडणार, विहिरी-झऱ्यांचं काय, याचा भूजल अभ्यास अहवालात हवा. वाडीतल्या दहा-बारा विहिरी एकाच दिवशी मोजा, तारीख घाला, मालकांच्या सह्या घ्या. खाण सुरू झाल्यावर पाणी आटलं, तर "आधी किती होतं" याचा हाच पुरावा.

तिसरा पावसाचा. खाणीतून खनिजाबरोबर वरची माती-दगडही निघतात. खनिज आणि टाकाऊ यांचं प्रमाण १:२ असेल, तर १० लाख टनांमागे २० लाख टनांचा ढिगारा दरवर्षी वाढतो. या ढिगाऱ्याभोवती चर आणि खाली गाळ बसवायची टाकी दाखवलेली असते. टाकीची मापं बघा. १० हेक्टरवर दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० घनमीटर पाणी होतं. त्यातलं ६० टक्के वाहून आलं तरी ६,०००. आराखड्यातली टाकी २० × १० × ३ मीटरची असेल तर तिच्यात ६०० घनमीटर मावतं. उरलेलं लाल पाणी व्हाळातून (ओढ्यातून) थेट भातशेतीत जातं. कोकणात आणि गोव्यात १०० मिलिमीटर हा काही अपवादाचा पाऊस नाही. त्यामुळे टाकीचं माप कोणत्या पावसावर काढलं, हे विचारायलाच हवं.

आठव्या प्रकरणातल्या "फायद्यां"बद्दलही थोडं. जिल्हा खनिज प्रतिष्ठानला (खाणबाधितांसाठीच्या निधीला) द्यायची रक्कम तिथे कंपनीची देणगी असल्यासारखी मांडलेली सापडते. ते कायद्याचं देणं आहे: १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांना स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के, लिलावाने दिलेल्यांना १० टक्के. खनिज एकदा काढलं की संपलं, ते पुढच्या पिढीचंही होतं. २१ एप्रिल २०१४ च्या गोवा फाउंडेशन निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच विचाराने गोव्यातल्या लोहखनिजाच्या उत्खननावर तात्पुरती वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितली. फायद्याच्या तक्त्यातून कायद्याची देणी वजा करून काय उरतं ते बघा. स्थानिक नोकऱ्यांचा आकडा कायम किती आणि कंत्राटी किती, असा फोडून मागा.

हरकत कशी लिहायची

एका कागदावर एकच मुद्दा. पन्नास जणांनी एकाच मजकुरावर सह्या केल्या तर ती एक हरकत धरली जाते. पन्नास जणांनी आपापल्या शेताचं, विहिरीचं, रस्त्याचं लिहिलं तर त्या पन्नास होतात. नमुना असा (आकडे उदाहरणापुरते):

"मसुदा अहवाल, प्रकरण २, पान ४१: खाणीचा अंतिम तळ ४० मीटर. माझ्या विहिरीत (गट क्रमांक अमुक) १२ एप्रिल रोजी पाण्याची पातळी ६९ मीटर आढळली, मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे. तरीही प्रकरण ४, पान १३७ वर 'भूजलावर परिणाम अपेक्षित नाही' असे म्हटले आहे. या विधानाचा आधार काय? मागणी: पावसाळ्यापूर्वीच्या आणि नंतरच्या पातळ्या घेऊन भूजल अभ्यास करावा, तो मराठीत उपलब्ध करून द्यावा आणि त्यानंतरच प्रस्तावाचा विचार करावा."

पान, विसंगती, पुरावा, मागणी. विशेषणं गाळा. सातबारा जोडा. आपला संबंध दाखवला की "बाहेरचे लोक" हा शिक्का बसत नाही. हरकती सुनावणीआधीच मंडळाकडे देता येतात, आणि तेच बरं.

सुनावणीच्या दिवशी

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांपेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो, सोबत मंडळाचा प्रतिनिधी. खालच्या दर्जाचा अधिकारी बसला असेल तर सुरुवातीलाच नोंदवा. पूर्ण कार्यवाहीचं चित्रीकरण होतं. गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे बहिष्कार टाकल्याने सुनावणी रद्द होत नाही, उलट रिकाम्या मांडवात "हरकत आली नाही" असं लिहायची सोय होते. मांडव उधळला तरी तोटा तुमचाच. निषेध करायचा तर तो माइकवरून, नाव-गाव सांगून करा, म्हणजे चित्रीकरणात राहतो.

उपस्थितीच्या वहीत सही करताना वरचा मथळा वाचा. कोऱ्या कागदावर सही नको, आणि जेवणाच्या किंवा भत्त्याच्या नावाने फिरणाऱ्या यादीवर तर नकोच.

आधी कंपनी सादरीकरण करते. बोलणाऱ्यांचा क्रम आपसात ठरवून घ्या आणि बायकांना आधी बोलू द्या, कारण पाण्याचं त्यांना सगळ्यांत नेमकं माहीत असतं. प्रत्येकी तीन मिनिटं, एक मुद्दा, आणि शेवटी "लेखी प्रत देत आहे, पोच द्यावी" हे वाक्य. उपस्थित प्रत्येकाला माहिती विचारण्याचा हक्क आहे.

सगळ्यांत महत्त्वाचा असतो शेवटचा अर्धा तास, आणि तेव्हाच मांडव रिकामा होतो. कार्यवाहीचा गोषवारा त्याच जागी, स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचा असतो आणि त्यावर त्याच दिवशी अध्यक्षांची सही व्हायची असते. किमान वीस जणांनी थांबायचं असं आधीच ठरवा. आपले मुद्दे गाळले असतील तर तिथेच हात वर करून घालायला लावा. नंतर ही कार्यवाही पंचायतीत, जिल्हा परिषदेत, जिल्हाधिकारी कार्यालयात लावली जाते आणि मंडळ ती आठ दिवसांत मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवतं.

वनजमीन असेल तर वेगळा रस्ता

जनसुनावणी म्हणजे ग्रामसभा नव्हे. सुनावणीतली हजेरी ही संमती ठरत नाही. वनहक्क कायदा २००६ खालची ग्रामसभा स्वतंत्र असते, तिला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली खाणीचा निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि ओडिशातल्या त्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. सामूहिक वनहक्काचा दावा अजून टाकला नसेल तर तो आजच टाका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्येच तो मिळवून दाखवला. ठराव करताना वहीत उपस्थितांची संख्या, महिलांची संख्या आणि वनखंड क्रमांक लिहा आणि प्रमाणित प्रत लगेच काढून ठेवा. गणपूर्ती नसलेला ठराव दोन्ही बाजूंनी निरुपयोगी.

सुनावणीनंतर

कंपनी उत्तरांसह अंतिम अहवाल सादर करते आणि तज्ज्ञ समिती त्यावर बसते. अ वर्गाचे प्रकल्प केंद्राकडे, ब वर्गाचे राज्याच्या प्राधिकरणाकडे. परिवेशवर समितीची विषयपत्रिका दर आठवड्याला बघत राहा आणि आपल्या हरकतींचा दोन पानी गोषवारा, पोचेच्या प्रतींसह, बैठकीआधी समितीला पाठवा. गोव्यातल्या खाणीबाबतच्या उत्कर्ष मंडळ प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली सांगितलं आहे की हरकती का मान्य किंवा अमान्य केल्या याची कारणं समितीने द्यायला हवीत. इतिवृत्तात कारणं नसतील तर तो मुद्दा राखून ठेवा.

मंजुरी मिळाली की कंपनीने सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची असते, आणि पंचायतीने प्रत ३० दिवस फलकावर लावायची असते. त्या फलकाचा तारखेसह फोटो काढा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत आदेश कळल्यापासून ३० दिवस आहे. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुण्याचं खंडपीठ आहे. नुकसानभरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये, मागितली तर रकमेच्या एक टक्का. सोबत मंजुरीचा आदेश, अहवालातली संबंधित पानं, शिक्क्याची हरकत, सुनावणीचं इतिवृत्त आणि विहिरींचा तक्ता लावा.

अपील करायचं नसलं तरी मंजुरीच्या अटी मराठीत उतरवून पंचायतीत लावा. अटींच्या पालनाचा अहवाल कंपनीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. त्या दोन तारखांच्या आधी पुन्हा विहिरी मोजा, डंपर मोजा, टाकीतला गाळ बघा. आणि त्यांचा अहवाल आला की आपला तक्ता शेजारी ठेवून, फरकाची तक्रार प्रदूषण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे आवक शिक्क्यासह द्या.